शेवट वाचायचा, एक काढायचा

शनिवार, ११ मार्च २०२३, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे

ताई,

वर लिहिलेल्या वेळी मी उत्तरपत्रिकांच्या खोलीत जमिनीवर बसून एकशे बारा नंबरच्या गठ्ठ्याची दोरी सोडत होतो. ती कापायची नसते, पुन्हा वापरतात. गाठ सुटली, वरचा कागद हातात आला, आणि पटसंख्येच्या रकान्यातला चौतीस दिसला. तुझा चार खाली उघडाच राहतो, अजूनही. त्यानंतर मी सही वाचली. आडनाव आता वेगळं आहे, म्हणून इथे कोणाच्या लक्षात येणार नाही.

मी कुठे आहे ते तुला माहीत नसेल. चौथीच्या मुलांची जी एकसारखी परीक्षा सगळ्या शाळांत एकाच दिवशी होते, तिच्या उत्तरपत्रिका आमच्याकडे येतात. मुलांनी पेन्सिलने भरलेले गोल यंत्र वाचतं. एखाद्या वर्गात पुष्कळ मुलांची चुकीची उत्तरं तंतोतंत सारखी आली, की यंत्र तो वर्ग यादीत टाकतं. यादीतले गठ्ठे सोडून तपासनीस बाईंच्या टेबलावर ठेवणं आणि त्यांच्या हाताखाली काम करणं ही माझी नोकरी, गेले चार महिने. त्यांच्या माघारी सगळे त्यांना भिंगबाई म्हणतात. मीही म्हणतो, पण मनात.

यंदा यादीत चाळीस वर्ग आहेत. तुझा नववा.

ओळखीची किंवा नात्यातली शाळा आली तर त्याच दिवशी वहीत नोंद करून बाजूला व्हायचं, असा नियम आहे. आता सात वाजून पंचवीस मिनिटे झाली आहेत. वही समोरच्या कपाटात आहे.

कामातलं बाहेर कळवायचं नाही असाही नियम आहे. म्हणून हे पत्र पाकिटात बंद करून खणात ठेवतो आहे. आज टाकणार नाही.


सोमवार, १३ मार्च, दुपारी १२ वाजून ५० मिनिटे

ताई,

वहीत नोंद केली नाही.

त्याआधी तुला भिंगबाईंबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. ठेंगण्या आहेत, साठीला टेकल्या आहेत, आणि भिंग बुटाच्या नाडीला बांधून गळ्यात अडकवतात. वीस वर्षं त्यांनी चौथीलाच शिकवलं. यंत्राची यादी हातात आली की बाकीचे तपासनीस किती मुलांचं सारखं आलं ते मोजतात. बाई प्रश्नपत्रिका घेतात, पेन्सिलीला टोक काढतात, आणि तो प्रश्न मुद्दाम चुकवत बसतात. मुलांचं जे चुकीचं उत्तर आलं तेच आपल्यालाही यायला हवं, अशा रीतीने. कधी बोटं मोजतात, कधी हातचा विसरतात, कधी ओठ हलवत अर्धाच प्रश्न वाचतात. एकदा दीड तास बसल्या आणि उत्तर आल्यावर स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, "बाई, नापास झालात वाटतं?" त्या म्हणाल्या, "झाले बाबा एकदाची."

पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "मुलानं स्वतः चूक केली असेल तर तिथवर जायची वाट सापडते. कोणी उत्तर आणून दिलं असेल तर नाही सापडत. वाट शोधून दमल्याशिवाय कुणाला चोर म्हणायचं नाही."

मी आधी नुसता गठ्ठे लावणारा होतो. एका शाळेचे कागद लावताना मला दिसलं की लहान मुलं गोल भरताना पेन्सिल आधी कडेने फिरवतात आणि मग आत येतात, त्यामुळे मध्ये बारीक पांढरा ठिपका राहतो. त्या शाळेत पहिले वीस गोल तसे होते आणि शेवटचे दहा आडव्या रेघांनी भरलेले, मोठी माणसं भरतात तसे. बत्तीसच्या बत्तीस कागदांवर. मी भीत भीत बाईंना दाखवलं. त्यांनी भिंगातून सहा कागद पाहिले, शेजारची खुर्ची पायाने ओढली आणि म्हणाल्या, "बसा." त्या दिवसापासून मी त्या खुर्चीवर बसतो. खुर्चीसाठी एक अर्ज भरायचा होता. शिक्षणाच्या रकान्यात मी "दहावी उत्तीर्ण" लिहिलं.

आता वहीत नोंद का केली नाही ते तुला कळलं असेल. तुझं नाव लिहिलं की माझी चौकशी होईल, आणि माझी चौकशी शाळेपर्यंत जाईल.

बाईंनी आज तुझा वर्ग घेतला. चार प्रश्न आहेत, चारही मोजण्याचे. पट्टीचं चित्र आणि तिच्यावर एक वस्तू, लांबी सांगा. पेन्सिल शून्यापासून सातपर्यंत आहे, तुझ्या मुलांनी सहा लिहिलं. खिळा शून्य ते पाच, त्यांनी चार. चमचा शून्य ते नऊ, त्यांनी आठ. चौथ्यात किल्ली दोनपासून आठपर्यंत आहे. बरोबर उत्तर सहा, मुलांनी सात लिहिलं. चौतीसपैकी एकोणतीस मुलांनी चारही असेच लिहिले.

बाईंना पहिल्या तिन्हींची वाट दहा मिनिटांत सापडली. टोकाच्या दोन रेघा सोडून फक्त आतल्या मोजल्या की सहा, चार आणि आठ येतात. चौथीची मुलं असं करतात म्हणे. पण किल्लीला आतल्या रेघा पाचच आहेत. टोकाच्या दोन धरल्या तर सात होतात, पण आधीच्या तिन्हींत मुलांनी त्या सोडल्या होत्या. मग इथे सात कुठून आले? बाई पुष्कळ वेळ बसल्या, चहा गार झाला. शेवटी म्हणाल्या, "एखादं मूल किल्लीपाशी येऊन मोजायची तऱ्हा बदलेल. एकोणतीस मुलं एकदम बदलणार नाहीत." आणि कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. त्यांनी प्रश्नचिन्ह काढलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला वाट माहीत आहे, ताई. ती मला तूच शिकवलीस. मी शेजारच्या खुर्चीवर बसून पेन्सिलींना टोकं काढत राहिलो.

आणखी एक, खोटं कशाला लिहू. शनिवारी तुझी सही पाहिली तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं होतं. घाबरलो त्यानंतर.


बुधवार, १५ मार्च, दुपारी १ वाजून ५ मिनिटे

ताई,

साहेबांनी आज यादी मागवली. ते वाईट नाहीत, त्यांना चाळीस गठ्ठे संपवायचे आहेत. त्यांचं म्हणणं असं की कोणीतरी फळ्यावर उत्तरं लिहून दिली आणि घाईत चार चुकीची लिहिली. शुक्रवारी बैठक आहे. वर्गाचा निकाल रद्द होईल आणि शिक्षिकेला चौकशी संपेपर्यंत घरी बसवतील. पुढच्या शाळेत कोणाची फी माफ होणार तेही याच निकालावरून ठरतं, म्हणजे त्या चौतीस मुलांचंही गेलं. बाईंनी दोन दिवस मागितले. साहेब म्हणाले, "तुम्हाला वाट सापडली का?" बाई म्हणाल्या, नाही. खोटं बोलता आलं असतं, बोलल्या नाहीत.

बाई जेवायला गेल्या आहेत आणि मला तुला एक गोष्ट लिहायची आहे. तुला ती ठाऊक आहे, पण मी ती आजवर कुठे लिहिलेली नाही.

तू आमच्याच शाळेत खालच्या वर्गांवर नुकती लागली होतीस. माझ्या नववीच्या वार्षिक परीक्षेत, विज्ञानाच्या पेपरला, दोन शिक्षक आजारी पडले म्हणून तुला आमच्या खोलीवर पाठवलं. घरी मी आईला सांगितलं की सापडलेली कॉपीची चिठ्ठी पुढच्या बाकावरच्या मुलाची होती, आणि नव्या नोकरीत खरेपणा मिरवायला तू सख्ख्या भावाचं नाव दिलंस. आईने ते खरं मानलं. त्यानंतर ती तुझ्याशी कशी वागली आणि तू घर कसं सोडलंस ते मी दारात उभा राहून पाहिलं.

चिठ्ठी माझी होती.

तू आधी माझ्या बाकापाशी आलीस, हात पुढे केलास आणि हळूच म्हणालीस, "दे इकडे, आणि पेपर लिही." मी म्हणालो, "काय देऊ?" तू हात तसाच पुढे धरून उभी राहिलीस. मी चिठ्ठी तोंडात टाकली. ती घशात अडकली, माझे डोळे पांढरे व्हायला लागले, अख्खा वर्ग बाकांवर चढून बघायला लागला, आणि तूच पळत जाऊन पाणी आणलंस. मला पाणी पाजलंस, पाठ चोळलीस, मी नीट श्वास घेतोय ना ते पाहिलंस, आणि मग टेबलाशी बसून अहवाल लिहिलास. इतकी वर्षं मला फक्त अहवाल आठवत होता.

एक वर्ष परीक्षेला बसायची बंदी होती. एकच वर्ष. परत न जाणं हे माझं मी ठरवलं, त्यात तुझा काही संबंध नव्हता.

बाई आल्या. पाकीट बंद करतो.


शुक्रवार, १७ मार्च, सकाळी ७ वाजता

ताई,

काल नऊ वाजून वीस मिनिटांनी बाईंना सांगितलं. खुर्चीवर बसून सांगवेना, म्हणून उभा राहिलो.

म्हणालो, "बाई, यादीतल्या नऊ नंबरच्या वर्गाची शिक्षिका माझी सख्खी बहीण आहे."

त्यांनी भिंग सोडलं, ते नाडीवर हलत राहिलं. "कधीपासून?"

"जन्मापासून."

"ते नाही हो. तिचा वर्ग आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"शनिवारी सकाळी सहा चाळीसपासून."

"आज गुरुवार आहे." मग म्हणाल्या, "तिला कळवलंत?"

मी खणातली तिन्ही पाकिटं आणून दिली. म्हणालो, लिहिलं सगळं, टाकलं काही नाही, हवं तर वाचा. त्यांनी एकही उघडलं नाही. प्रश्नपत्रिकांच्या पुडक्यांवर करतात तशी प्रत्येकाच्या चिकटवलेल्या कडेवर आडवी सही केली, तारीख घातली, "उघडले नाही" लिहिलं, आणि तिन्ही मला परत दिली. पाकिटांवर सही दिसेल ती कोणाची असा प्रश्न पडू नये, म्हणून लिहितो आहे.

मग मी वाट सांगितली. आपल्या घरी एकच पट्टी होती, लाकडी, आणि तिचं शून्याकडचं टोक मोडलेलं होतं. नवी घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तू मला शिकवलंस, एकच्या रेघेपासून धरायचं, शेवट वाचायचा, एक काढायचा. माझ्या डोक्यात शेवटचे दोन भागच राहिले. सातातून एक काढला की सहा, पाचातून चार, नवातून आठ. आणि किल्ली कुठून का सुरू होईना, शेवट आठ, एक काढला की सात.

बाईंनी पेन्सिल घेऊन चारही करून पाहिले. मग खालचा खण ओढला. मी कामाला लागलो त्या आठवड्यात गठ्ठ्यांसाठी दोनशे चिठ्ठ्या कापल्या होत्या आणि सगळ्या एक सेंटिमीटरने लांब झाल्या होत्या. बाई तेव्हा मला खूप बोलल्या होत्या. उरलेल्या चिठ्ठ्या त्यांनी मागच्या बाजूला लिहायला ठेवल्या होत्या. एक काढून नव्या पट्टीवर धरली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत बसल्या.

"म्हणजे या खोलीत वाट माझ्या शेजारी बसली होती," म्हणाल्या.

मग मी दहावीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अजून काही असेल तर आत्ताच बोला. मला एकेक धक्का सोसत नाही." मी म्हणालो, संपलं.

"तुमच्या सांगण्याला पुरावा म्हणता येणार नाही. भाऊ बहिणीची बाजू घेणारच."

मी म्हणालो, "आम्ही सहा वर्षं बोललो नाही, बाई."

"मग भाऊ बहिणीचं वाटोळंही करेल. दोन्हीकडून उपयोग नाही." एवढं बोलून त्या उठल्या. "पण कुठे बघायचं ते कळलं."

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. बैठक एक आठवडा पुढे ढकलली. संध्याकाळी मला गठ्ठ्यांच्या खोलीत परत पाठवलं, टेबलाच्या खणाची किल्ली बाईंनी मागून घेतली. घेताना माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाईट वाटलं आणि ते रास्त आहे हेही कळलं. आता इथे मी जमिनीवर आहे, दोऱ्या सोडतो आहे. तुझ्या वर्गात काय होणार ते मला आधी कळणार नाही.


शनिवार, २५ मार्च, सकाळी १० वाजून १५ मिनिटे

ताई,

बैठक काल झाली. तुझ्या वर्गाचा निकाल कायम आहे. आता हे लिहायला हरकत नाही, बाईंना विचारूनच लिहितो आहे.

मंगळवारी न कळवता तुझ्या वर्गावर आलेल्या बाई म्हणजे याच. तू त्यांना पाहिलंसच, पण त्यांनी तुला कसं पाहिलं ते तुला माहीत नाही. म्हणून त्यांनी मला सांगितलं तसं सांगतो. शब्द शक्य तितके त्यांचेच ठेवले आहेत.

त्यांनी सहा नवी चित्रं नेली होती. एकात वस्तू तीनपासून, एकात पाचपासून, असं. मुलांना लांब लांब बसवलं, तुला बाहेर उभं केलं, आणि फळा कागदाने झाकला. सगळ्या चित्रांना तुझ्या मुलांनी शेवट वाचून एक काढला. एकाने दुसऱ्याचं पाहिलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण चित्रं प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने दिली होती. तरी बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "एक का काढलास?"

ती म्हणाली, "तो तुटलेला असतो म्हणून."

"पण ही पट्टी तर धड आहे."

मुलीने पट्टीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मग आमच्या बाईंना विचारा."

हे सांगताना भिंगबाई इतक्या हसल्या की साहेब दारातून डोकावले.

मग त्यांनी तुला आत बोलावलं आणि एवढंच विचारलं की मोजायला कसं शिकवता. माझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. तू कपाटातून पट्ट्यांचा डबा काढून टेबलावर ओतलास. चौतीस पट्ट्या, त्यातल्या सव्वीस शून्याकडे झिजलेल्या नाहीतर मोडलेल्या. मुलांसमोरच म्हणालीस, "एकवर धरायचं हे मी पहिल्या दिवशी सांगितलं. पुढे घाईत नुसतं शेवट वाचा, एक काढा, एवढंच म्हणत राहिले. चूक मुलांची नाही, माझी आहे. तसं लिहा."

बाई म्हणाल्या, लिहिलं तर तुमच्या नोंदीत येईल. तू म्हणालीस, येऊ दे.

त्यांनी तसंच लिहिलं आहे. कॉपी झालेली नाही, शिकवण्यात चूक झाली आहे, शिक्षिकेने ती स्वतः सांगितली आहे. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडून परत लिहिलं, मी कागद पाहिला. मला म्हणाल्या, "मी एकतीस वर्षं मास्तर आणि बाया पाहते आहे. तसं लिहा म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुम्ही बहिणीशी का बोलत नाही ते मला विचारायचं नाही. पण कारण दमदार असायला हवं."

मी म्हणालो, "नाही आहे."

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती कपडे घडी करत होती. चिठ्ठी, पाणी, अहवाल, सगळं तिने ऐकून घेतलं. हातातला सदरा घडी केला, उलगडला, परत घडी केला. म्हणाली, "पाणी तिने आणलं होतं?" मी हो म्हणालो. "हे तू मला सांगितलं नव्हतंस." मला वाटलं रडेल, पण तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, जोरात, मी एकवीस वर्षांचा आहे हे विसरून. आता तिला तुझा पत्ता हवा आहे. तू हो म्हणालीस तरच देईन, असं सांगितलं आहे. त्यावर दुसरा धपाटा बसला.

माझं असं आहे. गठ्ठे लावायला आठवी पुरते, म्हणून तिथे ठेवलं आहे. पगार कमी झाला. भिंगबाईंची खुर्ची रिकामी आहे. साहेबांनी दुसरा माणूस देऊ केला होता, त्या म्हणाल्या सध्या गरज नाही. मला म्हणाल्या, "नजर आहे, कागद नाही. कागद घेऊन या." आणि बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म हातात दिला. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर विचारलं आहे, पूर्वी परीक्षेत गैरप्रकाराबद्दल शिक्षा झाली आहे काय. मी "होय" लिहिलं. खाली थोडक्यात तपशील द्या म्हणतात, पण जागा दोनच ओळींची होती, म्हणून वेगळा कागद जोडला.

पाचही पत्रं आज एकाच मोठ्या पाकिटात टाकतो आहे. तू उत्तर लिहायलाच हवं असं नाही. पण गणितात भूमिती आहे, आणि ती मला कोणीतरी पहिल्यापासून शिकवायला हवी.

हिशेब खाली देतो. तुला सगळं नीट लिहिलेलं आवडतं.

खर्च
फॉर्मची फी: ६५०
उशिराचा दंड: १००
फोटो, चार प्रती: ६०
गणिताचं जुनं पुस्तक: ८०
या पाकिटाचं टपाल: २५
एकूण: ९१५

देणे
भिंगबाईंचे, फीसाठी उसने: ५००
तुझे, नववीच्या परीक्षेची फी, तू पहिल्या पगारातून भरलेली: ३२०
त्यातले सोबत पाठवले: ५०
तुझे बाकी: २७०